उलट्या अक्षरांचा डबा आणि माझे १८,९४० डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत तेवढंच शोधत बसाल. अर्धवट बांधलेल्या विमानाच्या सांगाड्याचे १३,५००. इंजिनापोटी आगाऊ ४,०००. ट्रक, ट्रेलर आणि डिझेल १,१४०. आणि ३०० डॉलर वकिलाचे, 'यातून काही निघणार नाही' हे ऐकण्यासाठी. एकूण १८,९४०. बायकोला मी १५,०००च सांगितलेत. हे तिच्या वाचनात येऊ नये एवढीच इच्छा.

मूर्ख म्हणायच्या आधी एक ऐका. मी ओहायोत गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. लोकांचे कागद तपासायचे, खोट काढायची आणि माल परत पाठवायचा, यावर बावीस वर्षं पोट भरतोय. एका फोटोवरून ट्रकभर माल नाकारलेला माणूस आहे मी. म्हणून तर जास्त झोंबतंय.

लाँग-ईझी, म्हणजे हौशी लोकांनी घरी बांधायचं छोटं विमान, हे काय प्रकरण आहे ते इथे येणाऱ्यांना माहीत असणारच. बर्ट रुटानचं डिझाइन, पहिलं उड्डाण १९७९चं. छोटा पंख पुढे, प्रोपेलर मागे, फोमवर काचेचं कापड आणि इपॉक्सी. रुटानने १९८५मध्ये प्लॅन्स (बांधणीचे नकाशे) विकणं थांबवलं, त्यामुळे आता जुने प्लॅन्स मिळवून पहिल्यापासून बांधा, नाहीतर कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं विकत घ्या. अर्धवट घेण्यात गैर काही नाही. एफएएचा (अमेरिकेच्या विमान खात्याचा) ५१ टक्क्यांचा नियम हौशी लोकांनी स्वतः केलेल्या कामाचा आहे, ते काम एकाच हातून व्हायला हवं असं नाही. फक्त आधीच्या माणसाचा बिल्डर्स लॉग, म्हणजे बांधकामाची नोंदवही, आणि फोटो हवेत. हे वाक्य मी लोकांना किती वेळा ऐकवलंय! लॉग बघा, लॉग बघा.

कॅन्ससमधल्या माणसाची जाहिरात होती: 'वडिलांनी अकरा वर्षं खपून बांधलं, ते गेले, आता बघवत नाही.' फोनवर त्याचा आवाज भरून आला. पुढे मी जे जे विचारलं त्याला एकच उत्तर: ते वडिलांनाच ठाऊक. आता सांगा, बाप गेलेल्या माणसाची उलटतपासणी कशी घ्यायची? तुम्ही घेतली असती? असती तर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे. (नंतर मिझुरीतल्या एकाची गाठ पडली. त्याला याच माणसाने दुसरं एक अर्धवट विमान विकलं होतं. ते म्हणे 'दिवंगत भावाने' बांधलेलं. या घरात मरणारा प्रत्येकजण विमान बांधूनच मरतो.)

प्लॅन्सवर अनुक्रमांक असतो, तो आधी मागून घ्या. मी मागितला. 'खोक्यात आहे, बरोबर देतो' म्हणाला. खोक्यात झेरॉक्स निघाली.

शनिवारी पहाटे निघालो आणि तेरा तास गाडी चालवून पोचलो. त्याच्या शेडमध्ये विमान नाकावर टेकून उभं होतं, हे जात्याच तसं उभं राहतं. मी काय तपासलं? इंधनाचा व्हॉल्व्ह! १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर लाँग-ईझीतच गेला. त्या विमानात बांधणाऱ्याने व्हॉल्व्ह प्लॅन्सप्रमाणे पायांच्या मध्ये न ठेवता पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. ती गोष्ट पाठ असल्याने मी टॉर्च घेऊन आडवा झालो. व्हॉल्व्ह अगदी जागच्या जागी होता. मनात म्हटलं, प्लॅन्स पाळणारा माणूस दिसतोय. माझा निम्मा निकाल तिथेच लागला.

पंखांना करडा प्रायमर मारलेला होता. बाकी विमान उघडं, वायरिंग नाही आणि पंख मात्र लग्नाला निघाल्यासारखे. इथेच पाऊल मागे घ्यायला हवं होतं. धातूच्या विमानात प्रत्येक रिव्हेट डोळ्यांना दिसतो. इथे सगळं बळ कापडात आणि इपॉक्सीत. रंगाआधीचा काचेचा थर अर्धपारदर्शक असतो, टॉर्च तिरपा धरला की हवेचा बुडबुडा, कोरडा राहिलेला पांढरा डाग, सुरकुती, सगळं दिसतं. प्रायमर चढला की संपलं. म्हणून विकायच्या पंखाला आधीच प्रायमर मारणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर पोचलेला. मी विचारलंही. तो म्हणाला, उन्हाने इपॉक्सी खराब होतं. आता हे खोटं नाही ना! ऊन इपॉक्सीलाही वाईट, फोमलाही वाईट. खरी गोष्ट सांगून फसवणाऱ्यापुढे माणसाने करायचं काय?

आणि मग तो डबा.

लॉगमध्ये प्रत्येक पंखाचे चाळीसेक फोटो होते. गरम तारेने कापलेला निळा फोम, स्पार कॅपवर (पंखाचा भार पेलणाऱ्या पट्टीवर) अंथरलेली युनी टेप (एकाच दिशेच्या धाग्यांची काचेची पट्टी), पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), सगळं रीतसर. डाव्या पंखाच्या एका फोटोत टेबलाखाली रेझिनचा डबा होता, लेबल फाटलेलं, वरून ओघळ आलेला. पान उलटलं. उजव्या पंखाच्या फोटोतही तोच डबा, तोच ओघळ, पण लेबलवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी. मी बोट ठेवलं. तो गप्प झाला. दोन सेकंद, तीन सेकंद. आणि मी, बावीस वर्षं क्वालिटीतला हा शहाणा, हसून त्याला म्हणालो, "स्कॅन करताना उलटा झाला वाटतं." तो म्हणाला, "हो, असेल."

थाप त्याने मारलीच नाही. मी तयार करून त्याच्या हातात दिली. रात्री अडीचला जाग येते तेव्हा मला ते १३,५०० आठवत नाहीत, ती तीन सेकंदं आठवतात.

उजव्या पंखाचे फोटो नव्हतेच, डाव्याचेच उलटे करून लावले होते, कारण तो पंख त्या विमानाचा नव्हता. ट्रेलरवर चढवताना डावा आम्ही दोघांनी उचलला, उजव्याला तिसरा माणूस बोलवावा लागला. "वडिलांनी तो जरा मजबूत केलाय," तो म्हणाला. तराजू नेला असता तर तिथेच कळलं असतं. दोन पंखांत डोळ्यांत भरणारा फरक असेल तर जड पंख मजबूत नसतो, त्यात फिलर किंवा फुकटचं इपॉक्सी भरलेलं असतं. शंभर डॉलरचा तराजू न्या. ईएएचा (हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचा) टेक्निकल कौन्सिलर न्या, स्वयंसेवक असतो, पैसे घेत नाही. मी नेला नाही, कारण 'मला कळतं'.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी क्वार्टरचं नाणं घेऊन बसलो. डाव्या पंखावर टकटक, खणखणीत. उजव्यावर मुळापासून दोन फूट टकटक आणि पुढे थप्प, थप्प, ओल्या पुठ्ठ्यासारखं. तळहाताएवढी जागा घासली. प्रायमर, त्याखाली पाव इंच फिलर, त्याखाली पांढरं कोरडं कापड. नखाने उचललं तर फोमपासून सुटून वर आलं. मग स्पार कॅपचा तुकडा कापून अंगणात जाळला. रेझिन जळतं, काच उरते आणि थर वहीच्या पानांसारखे सुटे होतात. मोजले. प्लॅन्सपेक्षा तीन कमी. पुन्हा मोजले. या पंखावर मी मुलीला बसवून नेणार होतो.

इंजिनाची कथा छोटी आहे. ओ-२३५ हे इंजिन 'ओव्हरहॉलला दिलंय, दुकानाचे ४,००० भरले की सुटेल'. डेटा प्लेटचा (इंजिनाचा क्रमांक असलेल्या पट्टीचा) फोटो धूसर. भरले. सुटलं नाही. फोन बंद.

आता यंत्रणा. माझ्या गावच्या पोलिसांनी सांगितलं, व्यवहार कॅन्ससला झाला, तिकडे जा. तिकडच्यांनी सांगितलं, तुम्ही माल बघून घेतलात, पावतीवर 'आहे तसा' लिहिलंय, हा दिवाणी मामला. मग ४,०००चं काय, तो माल तर मी पाहिलाच नाही? तर म्हणे त्याचा वेगळा अर्ज करा. केला. पुन्हा दिवाणी. बँकेत गेलो, तर म्हणे वायर (खात्यातून थेट पाठवलेले पैसे) तुम्ही स्वतः, स्वखुशीने केलीत, आता परत येत नाही. मी स्वखुशीने केली नसती तर ती फसवणूक कशी झाली असती, हे तिथल्या बाईंना वीस मिनिटं समजावलं. त्यांनी मला ग्राहक समाधानाचा फॉर्म दिला. ऑनलाइन गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर रात्र घालवून नऊ जोडपत्रं चढवली. सेकंदात पावती क्रमांक आला. त्याला आता सात महिने झाले. विमान खात्याच्या एका कार्यालयात खोट्या लॉगची तक्रार घेऊन गेलो, वाटलं हे तरी दचकतील. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, विमान म्हणून त्याची नोंदणीच झालेली नाही, त्यामुळे आमच्या दृष्टीने तुमच्याकडे आहे तो फोम आणि काच. उद्या मी त्याच पंखावर उडून कुणाच्या छपरावर पडलो की तो विमान होईल आणि मग सगळे धावत येतील. स्मॉल क्लेम्स कोर्टाच्या (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाच्या) मर्यादेत रक्कम बसत नाही आणि मोठ्या कोर्टात जायचं तर वकील रकमेपेक्षा महाग. चोराने हा हिशेब माझ्याआधी केलेला असणार.

पैसे वायरने देऊ नका. 'आहे तसा' लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी लॉग याच विमानाचा आहे आणि काम प्लॅन्सप्रमाणे झालंय, हे विकणाऱ्याकडून त्याच कागदावर लिहून घ्या. तो कां कूं करू लागला की गाडी वळवा, तेरा तास आलात म्हणून थांबू नका. मी तेरा तास आलो होतो म्हणूनच थांबलो.

उजवा पंख गॅरेजच्या मागे करवतीने तीन तुकडे करून टाकलाय, दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नको. डावा चांगला आहे. नाण्याने पूर्ण तपासलाय, प्रायमर घासून काढलाय, वजन करून लिहून ठेवलंय. कुणाचा डावा पंख हँगरमध्ये आपटून फुटला असेल तर येऊन बघा, नाणं आणि टॉर्च बरोबर आणा. फोटो देतो. ते सुलटे आहेत.