दोन टीबीच्या पोटात लोखंडाची पट्टी

लिहावं की नाही यात दोन महिने गेले. साडेचार हजार गेले त्याचं एवढं नाही, पण ज्याच्या सांगण्यावरून दोन टीबीचा, म्हणजे दोन हजार जीबीचा, ड्राइव्ह घेतला तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प होते. शेवटी तोच म्हणाला, ‘लिही, माझ्यासकट लिही.’

आमच्या बॅचमध्ये त्याला सगळे ‘हार्डवेअर’ म्हणतात. ठाण्यात कुणाला माऊस घ्यायचा असो की राऊटर, आधी त्याला विचारायचं. कॉलेजात असल्यापासून हा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचा आणि अख्खा लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. कुठल्या माळ्यावर कुठला पार्ट मिळतो, पक्कं बिल कोण देतो, ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे दुकानात चालवून दाखवलं की विषय संपला, हे सगळं त्याला तोंडपाठ. अशा माणसाने एखादी वस्तू चांगली म्हटली की पुढे आपण डोकं चालवत नाही. मी तरी नाही चालवलं.

घरी चौदा व्हीएचएस कॅसेट होत्या. ताईचं १९९८चं लग्न, बाबांचा निवृत्तीचा समारंभ, माझ्या लेकीचं बारसं. ठाण्याच्या पावसाने दोन कॅसेटींवर पांढरी बुरशी धरली तेव्हा धसका घेऊन सगळ्या डिजिटल करायला दिल्या. करणाऱ्याने आधीच सांगितलं होतं की चांगल्या दर्जात तासाला साधारण १३ जीबी लागतात, तुमचे चोवीस तास भरतात म्हणजे तीनशे जीबीच्या वर जाईल, ड्राइव्ह तुमचा तुम्ही आणा, आणि माझ्याकडची कॉपी मी पंधरा दिवसांनी उडवतो. पावतीवरही हे छापलेलं होतं. त्याला बोल लावायला जागा नाही.

ग्रुपवर विचारलं, कुठला ड्राइव्ह घेऊ? पाच मिनिटांत हार्डवेअरचं उत्तर, एसएसडी घे, म्हणजे चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह. ‘चांगल्या कंपनीचा दोन टीबीचा एसएसडी बारा-पंधरा हजारांना पडेल. स्टेशनजवळ माझ्या ओळखीचा एक जण साडेचारात देतो. मी दीड वर्ष वापरतोय, एक नंबर.’ त्याखाली सात-आठ अंगठे. त्यातला एक माझा.

दुकान स्टेशनच्या पश्चिमेला, जिना चढून पहिल्या माळ्यावर, टेलरच्या शेजारी. मित्राचं नाव सांगितलं तर चहा आला. खोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव, सोनेरी अक्षरं. ड्राइव्ह हातात घेतला तर चांगला जड लागला आणि मी मनात म्हटलं, माल भक्कम आहे. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तो हलकाच असायला हवा, हे तेव्हा कुठे सुचतंय!

बिल मागितलं. ‘बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील, मॅडम. साहेबांच्या ओळखीच्या तुम्ही, कशाला उगाच?’ मला ते आपुलकीचं वाटलं. खरं तर एमआरपी सगळे कर धरूनच असते, आणि वर करापुरता फरक सांगणारा माणूस आपल्याला पुरावा सोडायची किंमत सांगत असतो. बिल मिळालं नाही. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे बॉलपेनने ‘एसएसडी २ टीबी, १ नग’ लिहून दिलं. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाच्या नावाऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. तरी पैसे पाठवले.

खोकं मी घरी येऊन फेकून दिलं नाही, एवढी एक गोष्ट बरोबर केली. नंतर निरखून पाहिलं तेव्हा कळलं की त्यावर एमआरपीचं स्टिकरच नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर नुसती सोनेरी अक्षरं. हे बघायला इंजिनीअर लागत नाही, चष्मा पुरतो.

लॅपटॉपला जोडला तेव्हा १.९५ टीबी दिसलं. खरा दोन टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये १.८१ दिसतो, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने. मला वाटलं, वा, थोडं जास्तच मिळालं.

कॅसेटवाल्यालाही शंका आली होती. फोन करून म्हणाला, ‘ताई, कॉपी व्हायला चार तास लागले, एसएसडीला पाव तास पुरतो.’ मी म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर जुना असेल. तो बिचारा गप्प बसला. ड्राइव्ह आणायला गेले तेव्हा त्याने पहिली फाइल लावून दाखवली, ताईच्या मेंदीची. छान चालली. चौदाही फाइली नावानिशी, आकारानिशी दिसत होत्या. सही करून घरी आले.

ही मे महिन्यातली गोष्ट. त्यानंतर ड्राइव्ह कपाटात.

गौरीजेवणाला घरात अठरा माणसं. जेवणं झाल्यावर ताई म्हणाली, लावा की माझं लग्न. लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिली कॅसेट पूर्ण झाली, दुसरीही झाली. आज नसलेली माणसं दिसत होती, आत्या डोळे पुसत होती. तिसरी सुरू झाली. वरात आली, जावईबापू हॉलच्या दारात उभे, आजी भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाली आणि चित्र तिथेच गोठलं. चौथी लावली, उघडेना. पाचवी, सहावी, एकही नाही. प्रत्येकीचं नाव शाबूत, समोर १८ जीबी, २२ जीबी असे आकडे, आणि आत काहीच नाही. बाबा म्हणाले, ‘वायर हलली असेल.’ मी वायर तीनदा बदलली.

हा प्रकार चालतो कसा, ते नंतर समजलं. आत चिप असते ५०-६० जीबीची, पण तिच्या कंट्रोलरला, म्हणजे तिचा कारभार बघणाऱ्या सर्किटला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरने विचारलं तुझ्यात जागा किती, तर तो बेधडक दोन टीबी सांगतो. फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या भागात राहते, म्हणून ती शाबूत दिसते. खरी जागा संपल्यावर येणारा डेटा तो घेतल्यासारखा करतो आणि सोडून देतो. काही ड्राइव्ह जुन्या डेटावरच नवा लिहितात. एरर कुठेच येत नाही. पहिली फाइल उघडून बघणारा प्रत्येक माणूस ‘ओके’ म्हणतो.

तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे तो भरून बघणं. जर्मनीतल्या एका कॉम्प्युटर मासिकाचा ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. मॅक आणि लिनक्सला ‘एफथ्री’ आहे. तो ड्राइव्हवर डेटा लिहितो आणि परत वाचून जुळवतो. अख्खे दोन टीबी भरायला दिवस जातील, म्हणून मी दोनशे जीबीपुरता लावला, रात्री झोपताना. सकाळी निकाल समोर होता. ५८ जीबी ठीक, बाकी गायब. नवीन ड्राइव्ह घेतल्यावर त्यात पहिला फोटो टाकण्याआधी ही एक रात्र काढा. आधी डेटा आणि मग तपासणी असं केलंत तर तुमची गौर माझ्यासारखी जाईल.

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन तो फोडला. आत नखाएवढं मेमरी कार्ड, छोट्या हिरव्या सर्किटवर बसवलेलं, आणि शेजारी डिंकासारख्या कशानेतरी चिकटवलेली बोटभर लांब लोखंडी पट्टी. मला जो भक्कमपणा वाटला होता तो हिचा.

हार्डवेअरला फोटो पाठवला. आधी रागावला. ‘अगं, तुला डुप्लिकेट पीस मिळाला असेल, माझा मस्त चालतोय.’ मी विचारलं, तुझ्यात भरलंयस किती? बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं, ‘वीस जीबी. गाणी.’ त्या रात्री त्याने स्वतःच्या ड्राइव्हवर तोच प्रोग्रॅम चालवला. त्याचेही दोन टीबी साठ जीबीच्या आतच संपले. दीड वर्ष तो मनापासून, अगदी खरं बोलत होता. त्याचा ड्राइव्ह खरंच चालत होता, कारण खोट्या जागेपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. मला आजही त्याचा राग येत नाही. मीही त्याला विचारलं होतं ते ‘कसा आहे’ एवढंच.

दोघं मिळून दुकानात गेलो. चहा आला नाही. दुकानदार आधी म्हणाला, बदलून देतो, आणि मागच्या फळीवरून तसंच सोनेरी खोकं काढलं. पैसे मागितल्यावर ड्राइव्ह फोडल्याची आठवण झाली, आणि व्हिजिटिंग कार्ड पुढे केल्यावर, ‘हे तर कोणीही लिहील.’

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली. बिल नसल्याचा त्रास झालाच, पण यूपीआयची नोंद, कार्डाचा फोटो आणि दुकानदाराशी झालेलं चॅट जोडलं. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. माझ्या तक्रारीचं अजून काही ठरलेलं नाही.

कॅसेटवाल्याकडची कॉपी अर्थात गेलेली. मूळ कॅसेट परत आणल्या होत्या, म्हणून पुन्हा द्यायला घेतल्या. बुरशीच्या दोनपैकी एक फिरवतानाच तुटली. बारशाची.

हार्डवेअरने मात्र एक काम केलं. त्या दुकानाचा पत्ता त्याने आणखी सहा जणांना दिला होता, त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावले. चौघांचे ड्राइव्ह खोटे निघाले, त्यातल्या दोघांना याची कल्पनाच नव्हती. बाकी दोघांनी, ‘नंतर बघतो’ म्हणून फोन ठेवला.

परवा ग्रुपवर कुणीतरी विचारलं, हार्डवेअर, प्रिंटर कुठला घेऊ? पूर्वी पाच मिनिटांत मॉडेल आणि दुकान दोन्ही आलं असतं. या वेळी दुपारपर्यंत काही नाही. मग त्याचा मेसेज दिसला. ‘महिन्याला पानं किती काढतोस? आणि माझ्याकडे जो आहे त्यावर मी वर्षाला चाळीस काढतो, ते धरून चाल.’