तेरिबेर्काची एक दिवसाची सहल: लातूरकराच्या नजरेतून

तेरिबेर्का हे रशियाच्या उत्तर टोकाकडचं समुद्रकाठचं गाव. जाहिरातीत आकाशात हिरवा ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) नाचतानाचा फोटो टाकून तिथली सहल विकतात. सहल मात्र दिवसाची, आणि त्या प्रकाशाला तर रात्रीचा अंधार लागतो! ती आस ठेवून जाणार असाल तर पैसे देऊ नका. गावासाठी जाणार असाल तर जरूर जा.

लेक रशियात एमबीबीएसला आहे. लातूरच्या पोरांनी तिकडं जाण्यात आता काही नवल राहिलं नाही, पण भेटायला जाणारे आईबाप बहुतेक मॉस्कोवरूनच परततात. आम्ही सप्टेंबरअखेर विमानानं मुर्मान्स्कला गेलो. आर्क्टिक वृत्ताच्या वरचं हे जगातलं सगळ्यात मोठं शहर. उबदार सागरी प्रवाहामुळं तिथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. तिथून बॅरेंट्स समुद्राकाठचं तेरिबेर्का सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. माणशी सहा हजार रूबल घेतले. रूबल आणि रुपया साधारण सारखाच धरा.

मिनीबसमध्ये मागची सीट घेऊ नका, हाडं खिळखिळी होतात. वाटेत बर्चची झाडं आधी पुरुषभर, मग कमरेएवढी, आणि पुढं पुढं नाहीतच. नुसती लालभडक झुडपं आणि डबकी. झाडाचा आडोसाही नाही, म्हणून पहिल्या थांब्यावरच स्वच्छतागृहात जाऊन या.

सहलीतली खरी जमेची बाजू म्हणजे गाईड. तरुण पोरगी होती, इंग्रजी मोडकं, आमची लेक दुभाष्या. लाकडी जहाजांचे सांगाडे दाखवून फोटो काढायला मोकळं सोडण्याऐवजी तिनं आम्हाला जुन्या वस्तीतून फिरवलं. सोळाव्या शतकापासून नोंद असलेलं हे मासेमारीचं गाव. पुढं मोठी जहाजं आली, धंदा मोठ्या बंदराकडं गेला, माणसंही गेली. खिडक्यांना फळ्या ठोकलेली घरं बघून हे म्हणाले, "ह्यांचीबी पोरं पुण्याला गेली काय की!" लेकीनं ते भाषांतर करून सांगितलं तर गाईड हसली. म्हणाली, इथली मुर्मान्स्कला जातात, आणि मुर्मान्स्कची दक्षिणेला. त्या शहराची लोकसंख्या १९८९ मध्ये ४ लाख ६८ हजार होती, २०२१ च्या जनगणनेत २ लाख ७० हजार भरली. आमच्या औशाकडच्या कुलूपबंद वाड्यांसमोर उभं राहून असा हिशोब कुणी मांडल्याचं मला तरी आठवत नाही. २०१४ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या रशियन चित्रपटाचं चित्रीकरण इथं झालं होतं, तेव्हापासून पर्यटकांचा ओघ सुरू झाला.

किनाऱ्यावर गुळगुळीत गोल धोंडे आहेत, त्यांना 'ड्रॅगनची अंडी' म्हणतात. गुडघे दुखत असतील तर लांबूनच बघा. माझा पाय दोनदा मुरगळता मुरगळता राहिला. धबधब्यापर्यंतची चाल सोपी, पण वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही.

जेवणावर मात्र माझा राग आहे. 'जेवण समाविष्ट' म्हणजे माशाचं सूप आणि खेकडा. बुकिंग करताना शाकाहारी की मांसाहारी, एवढंसुद्धा विचारलं नाही. हे मात्र खुशीत होते. तो लाल राजखेकडा मूळचा इथला नाहीच, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात पॅसिफिकमधून आणून या समुद्रात सोडला, हे त्यांना पाय फोडता फोडता कळलं. मी पाव, चहा आणि घरून नेलेल्या धपाट्यांवर भागवलं. शेंगदाण्याची चटणी गाईडलाही दिली. तिनं पाण्याची अख्खी बाटली संपवली. हॉटेलात घालवलेल्या दीड तासातला अर्धा तास जुन्या वस्तीला दिला असता तर बरं झालं असतं.

जाणाऱ्यांनी रोख रूबल जवळ ठेवावेत, आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं की तेरिबेर्काचा रस्ता बंद करतात, तेव्हा परतीचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं काढू नका.