सिमल्याच्या फेलोशिपवर जवळजवळ आठ महिने

एप्रिलच्या सुरुवातीला दोन ट्रंका घेऊन आले, आता नोव्हेंबर संपत आलाय. सिमल्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीची निवासी फेलोशिप घ्यावी का, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी जागा. १८८८ साली बांधून झालेलं व्हाइसरॉयचं निवासस्थान. १९४५ची सिमला परिषद इथेच झाली, आणि १९६५पासून इथे संशोधक राहतात. ग्रंथालय चक्क जुन्या नाचघरात. दिवसभर पर्यटक तिकीट काढून इमारत बघायला येतात. पावसाळ्यात धुकं खोलीत शिरतं, वह्यांना बुरशी धरते. माकडांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. एकदा खिडकी उघडी टाकून चहाला गेले; परत येते तो बाकरवडी गायब आणि माझ्या लिखाणाच्या दुसऱ्या प्रकरणावर चिखलाचा पंजा. आतापर्यंतचा सगळ्यात प्रामाणिक शेरा तोच असावा.

मी मानववंशशास्त्राची. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन घाट उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या तांड्याबरोबर, दोन हंगाम फिरले. वह्या अकरा, लिखाण शून्य. कॉलेजात तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फायली यांतून सलग तीन पानं होत नव्हती. रजा मंजूर व्हायलाच सहा महिने गेले; अर्ज कुणाच्या टेबलावर झोपला होता ते अजून कळलेलं नाही.

इथे पहिला महिना मी फक्त झोपले आणि वाचलं. तो वाया गेला असं समजू नका, पण धरून चाला. खरी गंमत गुरुवारच्या सेमिनारात. मी लिहिलं होतं, ‘रात्री मेंढ्या खतासाठी शेतात बसवल्याबद्दल शेतकरी मोबदला देतो.’ इतिहासवाल्या एका बाईंनी विचारलं, किती? कशात? ठरवतं कोण? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वही सातमध्ये ‘वाघर – धान्य?’ एवढंच, प्रश्नचिन्हासकट. (वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी.) रात्री वाड्यातल्या मामींना फोन लावला. त्या आधी हसल्या. “बाई, तवा झोपली व्हतीस व्हय? रातभर बोलणं चाललं व्हतं की.” मग तासभर सांगत बसल्या. त्या एका ओळीचं आता बत्तीस पानांचं प्रकरण झालंय. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला नसता. सगळ्यांना मेंढ्या माहीत आहेत असंच प्रत्येकाला वाटतं.

तेव्हा माझं मत असं: फिल्डवर्क अर्धवट असेल तर येऊ नका. इथून शेत दिसत नाही, फोनवर किती विचारणार? वह्या पक्क्या, आराखडा कच्चा, अशा अवस्थेत या. आणि वह्यांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. १९७०च्या एप्रिलमध्ये समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अशाच एका केंद्रात लिहायला बसले होते. तिथे लागलेल्या आगीत कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या टिपणांच्या तिन्ही प्रती एकदम गेल्या. पुढे त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं, ते १९७६ साली आलं. आपली आठवण तेवढी नाही. माझी एक प्रत सांगलीत बहिणीकडे आहे, लोणच्याच्या बरण्यांमागे.

घरची आठवण येते, दिवाळीत फारच आली. त्यावर उपाय नाही.

काल मामींचा फोन होता. वाडा घाट उतरलाय, भाताची खाचरं रिकामी झालीत. “यंदा धान्य न्हाय, समदे पैसंच देत्यात,” म्हणाल्या. बत्तीस पानं पुन्हा उघडून बसलेय.