साध्या इंजिनाला कमी बूस्टचा टर्बो : अकरा महिन्यांनंतर

माझ्या गाडीला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) बसवून अकरा महिने झाले, आणि तेव्हापासून गाडी १४,००० किलोमीटर चालली आहे. हे आधी सांगतो, कारण पहिल्या आठवड्यातलं माझं मत आज मला स्वतःलाच पटत नाही. पहिल्या आठवड्यात माणसाला फक्त पिकअप दिसतो. उष्णता, तेल, क्लच यांचं म्हणणं सावकाश कानावर येतं.

गाडी रोजचीच आहे. कामावर जायचं, सामान आणायचं, महिन्यातून एखादा लांबचा प्रवास. १.६ लिटरचं चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन, पोर्ट इंजेक्शन, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) १०:१. इंजिन उघडलेलं नाही. पिस्टन, रॉड, हेड गॅस्केट सगळं मूळचंच. बूस्ट, म्हणजे टर्बोने वातावरणाच्या वर दिलेला दाब, ०.४ बार (साधारण ६ पीएसआय). दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची, म्हणजे वेस्टगेटची, स्प्रिंगच तेवढ्याची आहे. बूस्ट वाढवायचा कंट्रोलर मुद्दाम लावला नाही, कारण लावला असता तर तो मी फिरवला असता, हे मला माहीत आहे.

०.४ बार ऐकायला किरकोळ वाटतं. पण साध्या इंजिनाला मुळात वातावरणाचा १ बारच मिळतो. त्यावर ०.४ म्हणजे कागदावर ४० टक्के जास्त हवा. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, कारण दाबली की हवा तापते आणि तापली की विरळ होते. बाहेर ३० अंश असेल, तर एवढ्याशा दाबानेही कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा ७० अंशांच्या पुढे जाते.

'एवढ्या कमी बूस्टला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लागत नाही' असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. मी ते मानलं आणि पहिले दोन महिने त्याच्याविनाच चालवली. थंड सकाळी गाडी अप्रतिम. मग एका दुपारी एसी चालू, गाडीत चार माणसं, लांब चढ, आणि बोनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज आला. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल स्वतःहून, झटक्याने पेटणं. मी लगेच पाय उचलला. नंतर लॉग पाहिला तर नॉक सेन्सरने इग्निशन टायमिंग ७ अंश मागे ओढलं होतं, आणि आवाज तरीही आलाच होता. मूळ पिस्टनवर हे रोज घडत राहिलं तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटायला वेळ लागत नाही. त्याच आठवड्यात इंटरकूलर बसवला. आता भर उन्हातही आत जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनीच जास्त असते, आणि त्या चढावर तो आवाज पुन्हा आलेला नाही.

ही अडचण नवी नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली गाडी विक्रीला आली. ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन, कॉम्प्रेशन १०.२५:१ आणि बूस्ट जेमतेम ५ पीएसआय. माझ्या जुळणीच्या किती जवळ आहे पाहा. नॉकिंग टाळायला त्यांनी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारणारी टाकी दिली होती. लोक ती भरायला विसरायचे, आणि पुढे बऱ्याच गाड्यांवरून टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. कमी बूस्ट धोक्याचा नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देतो.

दुसरी गोष्ट इंधनाची, आणि इथे पैसे वाचवू नका. माझ्या इंजिनाचा मूळ मॅप सेन्सर (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) १ बारच्या आसपासच थांबायचा. म्हणजे बूस्ट आला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) आंधळा, जास्तीची हवा त्याला दिसतच नाही. मूळचे इंजेक्टरही पूर्ण रेसला जवळजवळ सगळा वेळ उघडेच राहायचे, मग जास्तीचं पेट्रोल येणार कुठून? २.५ बारचा सेन्सर, थोडे मोठे इंजेक्टर, नवा पंप आणि ईसीयूचं पूर्ण ट्यूनिंग हे सगळं करावं लागलं. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचा मीटर डॅशबोर्डवर कायमचा आहे. सावकाश चालवताना हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या जवळ, बूस्टमध्ये ११.८. तो आकडा बूस्टमध्ये १३ कडे सरकताना दिसला, म्हणजे पेट्रोल कमी पडताना दिसलं, तर मी रेस सोडणार आणि कारण सापडेपर्यंत बूस्टमध्ये जाणार नाही. स्पार्क प्लग एका श्रेणीने थंड घेतले आणि गॅप १.१ वरून ०.८ मिलिमीटर केला. नाहीतर बूस्टमध्ये मिसफायर होत होतं.

आता ज्यासाठी हे केलं ते. मला शर्यत लावायची नव्हती. चढावर आणि ओव्हरटेक करताना इंजिनाचं रडणं थांबवायचं होतं. ते शंभर टक्के झालं. टर्बो लहान निवडल्यामुळे २,२०० आरपीएमपासून दाब येतो. पूर्वी ज्या चढावर तिसरा गिअर टाकून इंजिन ओरडायला लावायचो, तिथे आता चौथ्यातच गाडी शांतपणे वर जाते. ट्रकला ओव्हरटेक करताना रिकाम्या रस्त्याचा अंदाज घेऊन दोनदा विचार करायचो, ते गेलं. वरच्या आरपीएमला मात्र फार मोठा फरक नाही, लहान टर्बोचा श्वास तिथे संपतो. मला ते चालतं, कारण रोज मी त्या आरपीएमला जातच नाही.

मायलेज शहरात जवळपास तेवढंच, लिटरला अर्धा किलोमीटर कमी. हायवेवर पाय हलका ठेवला तर काहीच फरक नाही. बूस्टची चटक लागली की मात्र टाकी भराभर रिकामी होते.

चौथ्या महिन्यात सिग्नलवर थांबलं की मागून निळा धूर यायला लागला. एका मेकॅनिकने टर्बोचे सील गेले म्हणून नवा टर्बो घ्यायला सांगितलं. तो घेतला नाही याचं आजही समाधान आहे. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतात, बारीक लोखंडी रिंगा असतात. तेल मोकळेपणाने खाली उतरत असेल तरच त्या ते अडवू शकतात. तेल टर्बोत दाबाने जातं, पण परत येतं ते केवळ उतारामुळे, तेही फेसाळलेलं. माझी परतीची नळी मध्ये वाकून झोळ पडला होता, तिथे तेल तुंबायचं. जास्त जाड नळी सरळ उताराने घेतली आणि तिचं तोंड संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडलं. धूर बंद. धूर दिसला तर आधी ही नळी बघा, क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी पीसीव्ही बघा. पीसीव्हीला एकदिशा व्हॉल्व्ह नसेल तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो. माझी डिपस्टिक एकदा त्यामुळेच वर उचलली गेली होती.

बाकी किरकोळ : एक सिलिकॉन होज दोनदा निसटला, टी-बोल्ट क्लॅम्प लावल्यावर नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट पहिल्या हजार किलोमीटरनंतर ढिले निघाले. ब्रेकच्या पाइपजवळ हीट शील्ड लावली. सिंथेटिक तेल दर ५,००० किलोमीटरला बदलतो, आणि जोरात चालवल्यावर बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवतो. नोंदणी आणि विम्याच्या कागदांवर हा बदल चढवून घ्या, अपघात झाल्यावर ते शोधत बसायला नको.

गेल्या महिन्यापासून चौथ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टला आरपीएम चढतो आणि वेग मागे राहतो. मूळची क्लच प्लेट घसरते आहे. नवी, जास्त पकडीची प्लेट मागवली आहे. ती येईपर्यंत चढावर पुन्हा तिसरा गिअर टाकतो आहे, अर्ध्या रेसवर.