पॅटागोनियातलं ट्राउट लॉज, रद्द झालेला आठवडा आणि आमचे सव्वाचार लाख

2023 च्या फेब्रुवारीत मी आणि माझा धाकटा भाऊ अर्जेंटिनातल्या चापेल्को विमानतळावर उतरलो. मी पुण्याहून गेलो होतो, तो ह्यूस्टनहून. ब्युनोस आयर्सला आमची भेट झाली आणि तिथून पुढचं विमान दोघांनी एकत्र घेतलं. हा विमानतळ अगदी छोटा आहे. सान मार्तीन दे लोस आन्देस आणि हुनिन दे लोस आन्देस या दोन गावांच्या साधारण मध्ये, मोकळ्या माळावर. सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा आम्ही मासेमारीसाठी बुक केलेल्या लॉजचा ड्रायव्हर पांढरी पिकअप घेऊन उभा असायला हवा होता. अर्धा तास गेला, मग एक तास. बरोबरचे प्रवासी एकेक करून निघून गेले. दिलेल्या नंबरवर फोन लागत नव्हता. भाऊ म्हणाला, "दादा, त्या बुकिंग एजंटशी तू कधी प्रत्यक्ष बोलला होतास का?" मी बोललो नव्हतो. चार महिने फक्त ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणं चाललं होतं.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण फ्लाय फिशिंग करणारी मराठी माणसं आता बऱ्यापैकी आहेत आणि त्यातल्या अनेकांच्या मनात पॅटागोनिया, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक, असतं. आम्ही दोघं हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर शिकलो. मत्स्य विभागाचं परमिट घ्यायचं, थंडगार पाण्यात गुडघाभर उभं राहायचं आणि गळावर पिसं-दोऱ्यांनी बांधलेली ती खोटी माशी प्रवाहावर अलगद सोडायची. तीर्थनचा ब्राऊन ट्राउट मूळचा तिथला नाही, इंग्रजांनी आणून सोडलेला. दक्षिण अमेरिकेतही तेच झालं. तिथल्या नद्यांत ट्राउट नव्हताच. 1904 मध्ये अमेरिकेहून ट्राउट आणि सामन जातीच्या माशांची अंडी आणून नाहुएल उआपी तलावाच्या परिसरात सोडली गेली. नंतर आलेले रेनबो आणि ब्राऊन ट्राउट त्या थंड, स्वच्छ, किड्यांनी भरलेल्या पाण्यात असे वाढले की आज जगभरातून लोक त्यांच्यासाठी तिकडे जातात. आम्हाला त्यातल्या चिमेउइन नदीचं वेड होतं. लानीन ज्वालामुखीच्या पायथ्याशी उएचुलाफ्केन नावाचा मोठा तलाव आहे. चिमेउइन त्यातून निघते आणि हुनिन गावाला लागून वाहत जाते. तलावातून नदी जिथे बाहेर पडते त्या जागेला 'बोका', म्हणजे मुख म्हणतात. त्या बोकाबद्दल आम्ही कित्येक वर्षं वाचत होतो.

लॉजचे दर ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक असेल, सहा-सात दिवसांना माणशी पाच-सहा हजार डॉलर सहज लागतात. पार दक्षिणेला तिएरा देल फुएगोमध्ये रिओ ग्रांदे नदीवर समुद्रातून येणारा ब्राऊन मिळतो, तिथले दर तर याहूनही बरेच वर. आमची तेवढी ऐपत नव्हती. सप्टेंबर 2022 मध्ये मी दोन-तीन ठिकाणी चौकशीचे ईमेल पाठवले आणि त्यानंतर काही दिवसांनी एका बुकिंग एजंटचं पत्र आलं. फेब्रुवारीतल्या एका आठवड्याचं कुणाचं तरी बुकिंग रद्द झालंय, सहा रात्री, दोघांचे मिळून 8,600 डॉलर, गाईड, जेवण, गाडी सगळं धरून. लॉजचं नाव खरं होतं. वेबसाइटवर खोल्या, नदी, बोटी, मासे, सगळ्याचे फोटो होते. नकाशावर लॉज त्याच जागी दिसत होतं.

मी त्याला प्रश्न विचारले आणि बरेच विचारले. फेब्रुवारीत पाणी किती असतं? कोणत्या माशा बांधून आणू? त्याने लिहिलं, काठावरच्या विलोच्या झाडांवरून हिरव्या अळ्या पाण्यात पडतात, ट्राउट फांद्यांच्या सावलीत त्यांची वाट बघत बसतो, दुपारचा वारा सुटला की नाकतोड्याची नक्कल चालते. त्यातला प्रत्येक शब्द बरोबर होता. हे वाचून मी मनाशी ठरवून टाकलं की हा नदीवरचाच माणूस आहे. मी भावाला फोन करून तसं सांगितलंसुद्धा. आज मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. परत आल्यावर त्या ओळी शोधल्या तेव्हा गळाने मासे पकडणाऱ्या कुणा परदेशी माणसाच्या जुन्या सहलीच्या वर्णनात त्या जवळजवळ जशाच्या तशा सापडल्या. मी नदीची परीक्षा घेत राहिलो आणि नदीबद्दलची उत्तरं कुणालाही कुठूनही उचलता येतात. त्या माणसाचा त्या लॉजशी काय संबंध आहे, हा एकच प्रश्न विचारायचा राहिला.

मग पैशांची गोष्ट. त्याने 60 टक्के इसार मागितला, म्हणजे 5,160 डॉलर. खातं अर्जेंटिनातलं नव्हतं, युरोपातल्या एका देशातलं होतं आणि ज्या कंपनीच्या नावावर होतं तिचं नाव लॉजशी जुळत नव्हतं. मी विचारलं. त्याने फार समजावून लिहिलं की अर्जेंटिनात डॉलरवर सरकारी बंधनं आहेत, बाहेरून आलेले डॉलर बँक सरकारी दराने पेसोत बदलते, बाजारातला दर त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, त्यामुळे सगळेच लॉजवाले परदेशात खातं ठेवतात. मी बातम्या पाहिल्या. बंधनं खरी होती, दरांतली तफावत खरी होती आणि परदेशी खात्यात पैसे घेणारे प्रामाणिक लॉजवालेही खरोखर होते. इतकं सगळं खरं निघाल्यावर खातं कुणाचं हे कोण बघत बसतं? मी नाही बघितलं. ऑक्टोबरच्या अखेरीस बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरून पैसे पाठवले. 82 रुपयांच्या वर डॉलर होता, एकूण सव्वाचार लाखांच्या आसपास गेले. त्यातले निम्मे भावाचे.

एक गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. परदेशी पैसे पाठवताना आपण फॉर्मवर नाव काहीही लिहिलं, तरी समोरची बँक बहुतेक वेळा खाते क्रमांक बघून रक्कम जमा करते. नाव जुळलं नाही म्हणून पैसे थांबतीलच अशी खात्री धरू नका.

जानेवारीत त्याने उरलेली रक्कमही मागितली, आत्ता भरलीत तर 10 टक्के सूट देतो म्हणाला. भावाने ठाम नकार दिला. तो म्हणाला, उरलेले लॉजवर पोहोचल्यावर देऊ. एजंट जराही चिडला नाही. उलट ड्रायव्हरचं नाव, गाडीचा रंग, पहिल्या संध्याकाळचा बेत असं सगळं लिहून पाठवलं. आम्हाला ते सौजन्य वाटलं. आज कळतं, आम्ही जितके दिवस निर्धास्त राहणार तितके दिवस बँकेकडे तक्रार जाणार नव्हती.

विमानतळावरून शेवटी टॅक्सी करून आम्ही हुनिनला गेलो आणि मासेमारीच्या सामानाचं एक दुकान दिसलं तिथे शिरलो. दुकानदाराला इंग्रजी बेताचंच येत होतं. त्याने आमचे कागद वाचले, काही न बोलता फोन उचलला आणि खऱ्या लॉजला लावला. व्यवस्थापक तासाभरात स्वतः गाडी घेऊन आला. त्या आठवड्यात त्यांचं लॉज पूर्ण भरलेलं होतं आणि आमची नावं कुठेच नव्हती. आमच्याकडचे फोटो मात्र त्यांच्याच लॉजचे होते. तो भला माणूस दुकानाच्या काउंटरवर माझी चार महिन्यांची पत्रं एकेक करून वाचत बसला आणि बोट ठेवत गेला. त्या तासाभरात मी जे शिकलो ते असं.

पहिलं बोट परवान्यावर. "मासेमारीचा परवाना पॅकेजमध्ये आहे, तुम्हाला काही करावं लागणार नाही," असं एजंटने लिहिलं होतं. पॅटागोनियातला परवाना प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाने निघतो, त्याला ओळखपत्राचा किंवा पासपोर्टचा क्रमांक लागतो. लॉजवाले तो काढायला मदत करतात, पण पासपोर्टचा तपशील मागितल्याशिवाय नाही. आमच्याकडे तो कधी कुणी मागितलाच नव्हता.

दुसरं, "तुम्ही पकडलेला ट्राउट आमचा आचारी संध्याकाळी भाजून देईल." हे वाक्य तर मलाच खटकायला हवं होतं. त्या भागातल्या नावाजलेल्या नद्यांवर, निदान त्यांच्या प्रसिद्ध टप्प्यांत, मासा जिवंत परत सोडायचा असतो आणि तिथला कुठलाही लॉजवाला असं लिहिणार नाही. मी स्वतः मासा सोडणारा माणूस. तीर्थनवर कुणी मासा ठेवायला निघालं तर त्याच्याशी वाद घालणारा. तरी ती ओळ वाचून पुढे गेलो.

तिसरं, "आमची 20 किलोमीटरची खासगी नदी." अर्जेंटिनात नदी खासगी मालकीची नसते. 2015 पासून लागू असलेल्या तिथल्या नागरी संहितेनुसार नौकानयनयोग्य पाण्याच्या काठची 15 मीटरची पट्टीसुद्धा मालकाला मोकळी ठेवावी लागते. खासगी असते ती एस्तान्सिया, म्हणजे मोठं पशुपालनाचं रान, आणि त्यातून काठापर्यंत जाण्याची वाट. लॉज विकतं ती ही वाट. तेव्हा कोणत्या एस्तान्सियाच्या काठावर नेणार, हे विचारावं. खऱ्या माणसाला ते नाव लगेच सांगता येतं.

चौथी गोष्ट त्याने पत्रांत शोधली आणि त्याला सापडली नाही. बुटांचा नंबर, वेडर्सचं (पाण्यात उभं राहण्यासाठीच्या जलरोधक पॅंटचं) माप, गुडघ्यांचं दुखणं, औषधं, विमा, कास्टिंग, म्हणजे दोरी फेकणं, किती येतं, यातलं एकही विचारलेलं नव्हतं. भाऊ शाकाहारी आहे असं मी कळवलं होतं, त्यावर "नो प्रॉब्लेम" इतकंच उत्तर. व्यवस्थापक म्हणाला, शाकाहारी पाहुणा येणार म्हटलं की आम्ही चार प्रश्न विचारतो. सगळ्यात जवळची बाजारपेठ तासभर लांब आणि रोजच्या जेवणात कोकराचं मांस.

आम्ही मागितले तेव्हा एजंटने दोन 'जुन्या पाहुण्यांचे' ईमेल पत्तेही दिले होते. दोघांची उत्तरं वीस मिनिटांच्या अंतराने आली होती. मला वाटलं, किती तत्पर लोक आहेत.

पैशांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. हुनिनमधूनच मी पुण्याच्या बँकेला कळवलं. बँकेने रक्कम परत मागणारा संदेश पाठवला. समोरच्या बँकेचं उत्तर यायला पाच आठवडे लागले: खात्यात शिल्लक नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, परत आल्यावर सायबर पोलिसांत जबाब दिला. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की अशा प्रकरणांत पहिले काही तास मोलाचे असतात, तुम्ही साडेतीन महिन्यांनी आलात. भावाने अमेरिकेत एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे तक्रार केली. आजवर एक रुपयाही परत आलेला नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागण्याची वाट उघडी राहिली असती.

मी आता मित्रांना काय करायला सांगतो, तेही लिहितो. एजंटने दिलेला नंबर बाजूला ठेवा. लॉजचा नंबर प्रांताच्या पर्यटन कार्यालयाकडून मिळवा आणि थेट विचारा: आमच्या नावाचा आठवडा तुमच्या वहीत आहे का? एजंट ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण इसार देण्याआधी लॉजचं पत्र हातात हवं. अर्जेंटिनातल्या प्रत्येक धंद्याला 'कुइत' नावाचा 11 आकडी करक्रमांक असतो, कंपनीचा सहसा 30 ने सुरू होतो. तो मागा आणि तिथल्या करखात्याच्या संकेतस्थळावर टाकून नाव बघा. खातं परदेशात असलं तरी चालेल, पण ते कुणाच्या नावावर आहे आणि त्या नावाचा लॉजशी काय संबंध, हे लॉजने स्वतः लिहून द्यायला हवं. गाईडचं नाव आणि नोंदणी आधी मागा, तिथे गाईडला अधिकृत मान्यता लागते. आणि एकदा तरी व्हिडिओवर समोरासमोर बोला. भाषा अडली तर अडू दे.

त्या व्यवस्थापकाने आमची एका गाईडशी गाठ घालून दिली. गावात साधी खोली मिळाली, दुकानदाराच्या मदतीने परवाने काढले आणि तीन दिवस आम्ही चिमेउइनवर उभे राहिलो. हिरव्या अळ्या खरंच पडत होत्या. भावाला विलोखाली एक मोठा ब्राऊन लागला. त्याने तो पाण्यातच धरून सोडला आणि बराच वेळ भाऊ मागे वळला नाही. दोन वर्षं पैसे साठवले होते त्याने, आणि माझ्या शब्दावर.

गेल्या महिन्यात व्यवस्थापकाचा निरोप आला. तीच वेबसाइट नव्या नावाने पुन्हा सुरू झाली आहे, पुढच्या हंगामातला एक 'रद्द झालेला' आठवडा तिथे विकायला आहे. फोटो शोधून सापडू नयेत म्हणून ते आडवे उलटवलेले आहेत. पहिल्याच फोटोत निळ्या जॅकेटातला माणूस हातात रेनबो धरून उभा आहे. त्याच्या टोपीवरची अक्षरं बघा, आरशात दिसावीत तशी उलटी आहेत.