‘पाच टनी’ रॅचेट बेल्ट: लेबलवरचा कोणता आकडा बघायचा?

ट्रकवर माल बांधायचा ५० मिलिमीटर रुंद पॉलिस्टर रॅचेट बेल्ट (रॅचेट म्हणजे पट्टी ताणायचं दातेरी चाक आणि हँडल) बहुतेक वेळा ‘पाच टनी’ म्हणून विकला जातो. वस्तू चांगली आहे, नाव मात्र फसवं. दहा टन माल असेल तर दोन बेल्ट पुरतील, असा हिशेब घेणारा लावतो आणि तिथेच फसतो. खरा हिशेब बेल्टला शिवलेल्या निळ्या लेबलवर असतो.

ईएन १२१९५-२ या युरोपीय मानकाच्या लेबलवर तीन आकडे बघायचे. एलसी, म्हणजे बेल्टने झेलायचा जास्तीत जास्त ताण: २५०० डेकान्यूटन म्हणजे सरळ ओढीत अडीच टन (एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर). ‘पाच टन’ हे बेल्ट मालाभोवती गुंडाळून दुहेरी झाल्यावरचे. एसएचएफ ५० म्हणजे हँडलवर हाताने लावायचा जोर, अंदाजे ५० किलोचा. तिसरा एसटीएफ, म्हणजे तेवढ्या जोराने हँडल मारून सोडल्यावर बेल्टमध्ये उरणारा ताण. पैसे मोजायचे ते या तिसऱ्या आकड्यासाठी.

कारण सोपं आहे. मालावरून आडवा टाकलेला बेल्ट मालाला फक्त खाली दाबतो. माल जागेवर राहतो तो तळाच्या घर्षणामुळे, आणि दाब येतो एसटीएफमधून. एलसी कितीही असो. आखूड हँडलच्या रॅचेटला एसटीएफ बहुधा ३०० ते ३५० मिळतो. खाली ओढायच्या लांब हँडलला ५०० किंवा जास्त. बेल्टची पट्टी तीच, काम दीडपट.

आता आकडे घालून बघा. जोरात ब्रेक लागल्यावर माल वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाऊ बघतो, असं धरून बांधणी करायची असते. बाजूंना आणि मागे ०.५ पट. एक टन माल, पुढे टेकायला भिंत नाही, खाली प्लायवूड, घर्षण गुणांक (तळ मालाला किती धरतो त्याचा आकडा) ०.४५. बेल्ट उभा खाली येत असेल तर सुरक्षेचा १.२५ गुणक धरून सुमारे ४८० डेकान्यूटन एसटीएफ लागतो. म्हणजे लांब हँडलचा एक बेल्ट जेमतेम एका टनाला पुरतो. दहा टनांना दहा बेल्ट! गुळगुळीत पत्र्यावर लोखंडी पेटी असेल, गुणांक ०.३, तर एकाच टनाला हजारावर एसटीएफ लागतो, म्हणजे तीन बेल्ट. त्याच पेटीखाली घर्षण वाढवणारी रबरी चटई घातली, गुणांक ०.६ झाला, की साधारण २०५ वर काम भागतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: आणखी बेल्ट घेण्याआधी चटया घ्या. त्या मालाच्या पूर्ण वजनाखाली हव्यात, एखाद्या कोपऱ्यात सरकवलेला तुकडा उपयोगाचा नाही.

बुटक्या मालावर बेल्ट तिरका पडतो. हौद्याशी कोन ३० अंश झाला की दाब निम्मा होतो आणि बेल्ट दुप्पट लागतात.

रॅचेटच्या रिळावर पट्टीचे किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे हवेत. कमी असतील तर पट्टी घसरते. जास्त झाले तर रीळ भरतं, पट्टी कडेला घासते आणि ताण येण्याआधीच हँडल अडतं. उपाय एकच: आधी ढिली पट्टी हाताने पूर्ण ओढून घ्या, मग हँडल मारा. हँडलला पाइप लावून ताणणं हा सर्रास चालणारा प्रकार रॅचेटचे दात आणि आस दोन्ही खराब करतो. आणखी एक गोष्ट राहून जाते. मालाच्या कडांवर घर्षण होत असल्यामुळे रॅचेटच्या समोरच्या बाजूला ताण कमी पोचतो. कडेला प्लॅस्टिकचे कोपरे लावा आणि रॅचेट आलटून पालटून दोन्ही बाजूंना ठेवा. धारदार कडेवर तर कोपऱ्याशिवाय बेल्ट टाकूच नये.

बेल्ट बाद कधी करायचा? कडेला रुंदीच्या दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा मोठा काप गेला, शिलाई उसवली, हुकाचं तोंड फाकलं किंवा लेबल वाचता येईना, तर लगेच. गाठ मारलेला बेल्ट वापरू नका. पॉलिस्टरला बहुतेक आम्लं चालतात, पण अल्कली खाते. ओल्या सिमेंटने किंवा चुन्याने माखलेला बेल्ट पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. हा बेल्ट माल उचलण्यासाठी नाही, क्रेनच्या हुकाला लावू नका.

थोडं अंतर गेल्यावर माल बसतो आणि बेल्ट ढिला पडतो. अमेरिकेच्या नियमांत पहिल्या ५० मैलांच्या आत बांधणी तपासायची, मग दर १५० मैलांनी, तीन तासांनी किंवा चालकाची ड्यूटीची स्थिती बदलल्यावर (उदा. चालवणं थांबवून विश्रांती घेताना), यांतलं जे आधी येईल तेव्हा. सोडताना मात्र बहुतेक रॅचेट एका झटक्यात सगळा ताण सोडतात. माल कलला असेल तर तो त्याच क्षणी अंगावर येऊ शकतो. दाता-दाताने ताण सोडणारं रॅचेट मिळतं. उंच आणि अरुंद मालासाठी तेच घ्यावं.