सिंथेटिक कीपिंग ग्लोव्हज : अकरा महिने आणि एक पावसाळा

दसऱ्याच्या सकाळी ट्रंकेतून क्रिकेटच्या विकेटकीपिंगचे ग्लोव्हज काढले आणि कोळशाच्या पोत्यात हात घातल्यासारखी बोटं काळी झाली. कफवरचं 'चामडं' पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होतं. यंदा पहिल्यांदाच ते बॅटीशेजारी पाटावर पूजेला मांडायचे होते, कारण चामडं नाही म्हणून आईची हरकत नव्हती.

आमच्या घरात गंमत आहे. आईला चामडं नको ते सोवळ्यासाठी, मुलीला नको ते जनावरांसाठी. गेल्या नोव्हेंबरात आजी आणि नात एक झाल्यावर माझं काय चालणार? शिवाय चामड्याची जोडी २९०० ची, ही १४५० ची. तेव्हा माझंही मतपरिवर्तन झालं.

पहिले सात महिने तक्रार नाही. कीपिंग ग्लोव्हजमध्ये चेंडू पकडतं ते तळहाताचं दाणेदार रबर, आणि ते चामड्याच्या जोडीतही रबरच असतं. झेल सुटले ते माझ्या गुडघ्यांमुळे. आत घाम मात्र जिरत नाही, चौथ्या षटकातच इनर, म्हणजे आत घालायचे कापडी हातमोजे, पिळून घ्यावे लागतात. एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगनं, २००६ मध्ये सिंथेटिक बास्केटबॉल आणला तेव्हाही खेळाडूंचं रडगाणं हेच होतं, घामानं चेंडू निसटतो. बोटं चिरतात हे वर. १ जानेवारी २००७ पासून चामडं परत आलं. मी तरी निभावून नेलं.

मग आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, आली. पुसून, पेपरात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. निश्चिंत होतो, कारण पाण्याला सिंथेटिकच भारी हे डोक्यात पक्कं होतं. फुटबॉलमध्ये १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकापासून पूर्ण सिंथेटिक चेंडू आहे. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन धोंडा व्हायचा, तसा हा होत नाही. पण फुटबॉल वेगळा आणि वेंगुर्ल्यातली बंद ट्रंक वेगळी.

आता जे कळलंय ते आधी कळायला हवं होतं. हे चामडं म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. दमट हवा त्याच्या साखळ्या तोडत जाते, उष्णता असेल तर आणखी लवकर. तुम्ही वापरा नाहीतर ठेवून द्या. पॉलिएस्टर जातीचं लवकर जातं, पॉलिइथर जातीचं जास्त टिकतं. खोक्यावर यातलं काय लिहिलंय? 'प्रीमियम फिनिश'.

माझ्या जुन्या चामड्याच्या जोडीला दर श्रावणात पांढरी बुरशी यायची. फडक्यानं पुसली, खोबरेल लावलं, की झालं. बुरशी पुसता येते, पापुद्रा परत चिकटवता येत नाही.

कंपनीला फोन केला. ताई म्हणाल्या, "सर, वापरामुळे झीज झालीय, आणि वॉरंटी सहा महिन्यांची." म्हटलं, चार महिने ट्रंकेत होते, झीज कोणी केली, झुरळांनी? त्यावर फोनमध्ये संगीत वाजू लागलं.

बाजारात चपला शिवणाऱ्या काकांना दाखवले. त्यांनी नख लावून पाहिलं. "ह्याका टाको रवाचो नाय. कापडार नुसतो रंग आसा." अंगठा आणि तर्जनीमधल्या जाळ्याचे टाकेही ओढल्यावर भोकं पाडत निघाले. शेवटी छत्री दुरुस्त करणाऱ्यानं जुन्या जीन्सचं कापड कफवर आणि जाळ्यावर दुहेरी शिवून दिलं, १२० रुपये. दिसतं बुजगावण्यासारखं. पण गेल्या रविवारी अठरा षटकं टिकलं, आणि घामही थोडा शोषतं!

एवढं करून पकडायचा चेंडू चामड्याचाच, लाल, १६० ग्रॅमच्या आसपासचा. हे मुलीला अजून सुचलेलं नाही, मीही बोलत नाही.

चामड्याकडे परत जाणार का? दुकानात जाऊन जोडी हातात घेतली होती. २९०० ऐकून खाली ठेवली. मुलगी सोबत होती हेही खरं. पुढची जोडी सिंथेटिकच घेईन, पण कफ कापडाचा पाहून, आणि आगोटीला ट्रंकेत न ठेवता ओटीवर खुंटीला टांगून.

पाचात अडीच. त्यातले दोन रबराला, अर्धा छत्रीवाल्याला. पाटावरचे काळे डाग आई अजून राखेनं घासतेय.